कॉम्प्युटरची जळमटं कोण काढणार?

तांदळाला किडे झाले की आपण ते उन्हात घालतो. माळ्यावर जळमटं दिसली की रविवारी सकाळी पदर खोचून झाडू हातात घेतो. पण हॉलच्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरला कीड लागली की आपलं ठरलेलं उत्तर, ‘बाई, त्यातलं मला काही कळत नाही. चिरंजीव सुट्टीला आले की बघतील.’ मैत्रिणींनो, हे उत्तर आता चालणार नाही. लाइटबिल, मुलीच्या प्रवेशाचे फॉर्म, सासऱ्यांचं पेन्शनचं खातं, बचत गटाचा हिशेब, सगळं त्याच डब्यात असतं आणि त्यातलं निम्मं आपणच करत असतो.

व्हायरस म्हटलं की मशीन बंद पडणार, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. स्पायवेअर म्हणजे हेरगिरी करणारा प्रोग्रॅम. त्याला मशीन बंद पाडायचंच नसतं. उलट ते सुरळीत चालावं, हीच त्याची इच्छा! आपण कुठली बटणं दाबली ते टिपायचं, ब्राउझरमध्ये ‘सेव्ह’ केलेले पासवर्ड उचलायचे आणि गुपचूप बाहेर धाडायचे. लुम्मा नावाच्या असल्याच एका प्रोग्रॅमने २०२५ च्या मार्च ते मे या दोन महिन्यांत जगभरातल्या ३ लाख ९४ हजारांहून अधिक कॉम्प्युटरांत शिरकाव केल्याचं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं होतं. त्याची एक युक्ती तर फारच साधी. ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ अशी खिडकी उघडायची आणि अमुक बटणं दाबा, इथे पेस्ट करा, एन्टर मारा असं सांगायचं. आपण पडलो आज्ञाधारक, स्वतःच्या हाताने कडी काढून देतो.

आपल्याकडे ही कीड येते बहुतेक वेळा ‘फुकट’च्या वाटेने. दुकानातल्या मुलाने घालून दिलेलं क्रॅक विंडोज, मुलांनी उतरवलेला गेम, झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेला पेनड्राइव्ह. पेनड्राइव्ह लावल्यावर आपले फोल्डर गायब होऊन त्यांच्या जागी नुसते शॉर्टकट दिसले, तर त्यावर क्लिक करू नका. फायली बहुधा आतच लपवलेल्या असतात. क्लिक केलं की कीड मात्र आपल्या घरात.

आमच्या ओळखीतल्या एका गटाच्या खजिनदार बाईंचं सांगते. त्यांच्या ई-मेलमध्ये कुणी अनोळखी माणूस शिरल्याची सूचना आली. मुलाने तत्परतेने त्याच कॉम्प्युटरवर बसून पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच सूचना. पुन्हा बदलला, पुन्हा तेच! होणारच हो. चोर घरात बसलेला असताना त्याच्यासमोर नवं कुलूप लावून किल्ली कोनाड्यात ठेवण्यातला प्रकार तो.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी इंटरनेट तोडा. मग दुसऱ्या, खात्रीच्या फोनवरून पासवर्ड बदला, ई-मेलचा सगळ्यात आधी, कारण बाकी खात्यांच्या चाव्या तिथेच येतात. तिथेच ‘सगळीकडून साइन आऊट’ करा. बँकेचे पैसे गेले असतील तर सफाई नंतर, आधी १९३० हा क्रमांक फिरवा. त्यानंतर झाडू. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर नावाचा राखणदार आधीच असतो, वेगळे पैसे पडत नाहीत. विंडोज सिक्युरिटी उघडा, स्कॅनच्या पर्यायांत ‘ऑफलाइन स्कॅन’ निवडा. मशीन बंद होऊन पुन्हा चालू होतं आणि विंडोज पुरतं जागं होण्याआधीच तपासणी होते, लपणाऱ्याला लपायला वेळ मिळत नाही. साधारण पंधरा मिनिटं, तेवढ्यात कुकरच्या शिट्ट्या होतात. मग अनोळखी प्रोग्रॅम आणि ब्राउझरला चिकटलेली एक्स्टेन्शन्स काढा. केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’नेही २०१७ पासून अशी सफाईची साधनं मोफत दिली आहेत.

एवढं करूनही शंका राहिली तर फॉरमॅट. पण दुकानात द्यायच्या आधी फोटो आणि कागदपत्रं काढून घ्या आणि ‘खरं विंडोजच घालायचं’ असं बजावून सांगा. क्रॅक घातलं तर पैसे देऊन तीच कीड परत आणण्यासारखं आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार तर मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला, तेही दुकानदाराला विचारा.

आता जरा अवघड विषय. हेर दर वेळी परदेशातलाच असतो असं नाही. पेगाससच्या बातम्या २०२१ मध्ये आपण वाचल्या, मोठ्या लोकांचे फोन, मोठ्या लोकांची भांडणं. पण समाजकार्यात माझ्यासमोर बसणारी बाई हळू आवाजात सांगते, ‘ताई, मी माहेरी काय लिहिलं ते यांना शब्दन् शब्द ठाऊक असतं.’ हे असं लपवून टाकायचे प्रोग्रॅम बाजारात मिळतात. आणि गंमत म्हणजे आयाही मला विचारतात, ‘मुलीच्या कॉम्प्युटरवर टाकायला एखादं सांगा ना.’ मी नाही सांगत. मुलीला सांगून, तिच्यासमोर लावलेली बंधनं वेगळी आणि चोरून वाचणं वेगळं. शिवाय चोरून गोळा केलेलं सगळं त्या कंपनीकडे जाऊन पडतं. स्पायफोन नावाच्या कंपनीवर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये बंदी घातली, तेव्हा तिने लोकांची ही खासगी माहिती धड जपलीही नव्हती हे उघड झालं. आपल्या लेकीचे फोटो कुणाच्या हाती देतोय, याचा विचार करायला नको का?

ज्या बाईला घरातल्याच माणसाचा संशय आहे, तिने मात्र वरची झाडझूड घाईने करू नये. हेर अचानक आंधळा झाला की त्याला कळतं आणि राग बाईवरच निघतो. पुरावाही पुसला जातो. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ क कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, पण तक्रार करायला काहीतरी शिल्लक हवं ना! जे दिसतंय त्याचे फोटो दुसऱ्या फोनवर काढून विश्वासाच्या बाईकडे ठेवा. मग महिला हेल्पलाइन १८१ किंवा जिल्ह्याच्या ठिकाणचं ‘सखी’ केंद्र. फोन मात्र आपल्या मोबाइलवरून नाही, शेजारणीच्या मोबाइलवरून करा.