करवती सुरू होण्याआधी: कारखानदारांना तातडीचं आवाहन

उद्योजक आणि कारखानदार मंडळींनो,

पाऊस ओसरला आणि कच्चे रस्ते वाळले की कोकणात करवती सुरू होतात. रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक जंगल सरकारी नाही, लोकांच्या सातबाऱ्यावर आहे. घरात लग्न निघतं, आजारपण येतं, मुंबईतल्या चाकरमानी भावाला नड लागते आणि अख्खा डोंगर ठेकेदाराला उक्ता विकला जातो. मग किंजळ असो, ऐन असो की बेहडा, सरसकट तोड. चांगले ओंडके वखारीत जातात. जळाऊ लाकूड कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर जातं, नाहीतर घाट चढून कारखान्यांच्या बॉयलरमध्ये. तुमच्या वहीत ते ‘इंधन, टनाला इतके रुपये’ एवढंच दिसतं.

डोंगरावर मागे काय उरतं? कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी मे महिन्यात कितीतरी वाड्यांवर टँकर लागतो. जांभ्यावरचा मातीचा थर मुळातच पातळ. मुळं आणि पालापाचोळा तो धरून ठेवतात, पाणी मुरवतात. झाडं गेली की माती नदीत जाते आणि उन्हाळ्यापर्यंत पुरणारा पऱ्या लवकर आटतो. चिपळूणला आलेल्या २२ जुलै २०२१ च्या वाशिष्ठी नदीच्या महापुरामागे अतिवृष्टीसह अनेक कारणं होती. पण नदीतला गाळ काढा, या मागणीसाठी चिपळूणकरांना पुढे उपोषणाला बसावं लागलं. हा गाळ म्हणजे वरच्या डोंगरांची माती.

सरकारने काय करावं, यावर पुष्कळ बोललं जातं. तुमच्या अखत्यारीतल्या चार गोष्टी मात्र यंदाचे सौदे ठरण्याआधीच करण्यासारख्या आहेत.

१. लाकडाचा गाव विचारा. पुरवठादाराकडून तोडीचा परवाना आणि वाहतूक पास घ्याच, पण तेवढ्यावर थांबू नका. कायदेशीर परवान्यावरही डोंगर बोडका होतो. माल कोणत्या गावचा, कोणत्या गटाचा, नैसर्गिक जंगलातला की शेतात लावलेल्या सुबाभूळ-निलगिरीचा, हे लिहून मागा. सांगता येत नसेल तर गाडी परत पाठवा. ‘पांढरा कोळसा’ म्हणून येणाऱ्या कांड्या शेतातल्या काडीकचऱ्याच्याच आहेत ना, तेही तपासा.

२. वाफेचं पाणी परत आणा. कारखान्याच्या मागे जाऊन गटारीतून वाफा निघतात का, ते बघा. यंत्रात काम करून थंडावलेल्या वाफेचं ते गरम पाणी, म्हणजे कंडेन्सेट. ते शुद्ध करायला तुम्ही पैसे मोजलेत, तापवायला लाकूड जाळलंत. बॉयलरच्या पाण्याचं तापमान सहा अंशांनी वाढलं की इंधनात साधारण एक टक्का बचत होते, हा बॉयलरवाल्यांचा नेहमीचा हिशेब आहे. गळके स्टीम ट्रॅप बदला आणि हे पाणी पाइपाने फीड टाकीत घ्या. पाणीही वाचेल, लाकूडही.

३. पाणी मोजा. एकाच मोठ्या मीटरवर विसंबू नका. बॉयलर, कूलिंग टॉवर, धुलाई आणि बागेसाठी वेगळे मीटर बसवा आणि आकडे फाटकावरच्या फळ्यावर लिहा. प्रक्रिया केलेलं सांडपाणी बागेला आणि स्वच्छतागृहांना वापरा. बोअरमधून जेवढं उपसता, तेवढं मुरवायची सोय त्याच पाणलोटात करा.

४. उभ्या जंगलाला पैसे द्या. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्यातून वनमहोत्सवाला रोपं लागतात, फोटो निघतात आणि उन्हाळ्यात रोपं मरतात. त्याऐवजी जमीनमालकाशी करार करा: ठरलेली वर्षं तोड नाही, त्याबदल्यात दरवर्षी मोबदला. जंगल उभं ठेवून धंदा होतो, याचा दाखला जवळच आहे. संगमेश्वर आणि भीमाशंकर भागात ‘एईआरएफ’ या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन बेहडा आणि हिरड्याची फळं झाड न दुखावता गोळा करायची पद्धत बसवली. त्या मालाला ‘फेअरवाइल्ड’ प्रमाणपत्र मिळालं आणि ‘पुक्का’ या ब्रिटिश हर्बल चहा कंपनीने तो विकत घेतला. जुन्या बेहड्याच्या ढोलीत महाधनेश पक्षी घरटं करतो, आणि त्याच झाडाची फळं मालकाला दरवर्षी पैसे देतात. तोडलेलं झाड एकदाच पैसे देतं.

ग्राहकांनो आणि भागधारकांनो, तुम्हीही गप्प बसू नका. कंपनीच्या सभेत दोनच प्रश्न विचारा: बॉयलरमध्ये काय जळतं आणि ते कुठून येतं? उत्तर छापील अहवालात मागा.

कारखानदार मंडळींनो, या आठवड्यात खरेदी खात्याला एका ओळीचं पत्र काढा: ‘कोणत्या गावचा, कोणत्या गटाचा, हे लिहून दिल्याशिवाय लाकडाची एकही गाडी आत घेऊ नये.’ डोंगर विकत घेणारा ठेकेदार गिऱ्हाइकाच्या भरवशावरच सौदा करतो, आणि ते गिऱ्हाईक तुम्ही आहात.