चढवलेले अंक खाली आणू नका

कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते. जालावरच्या एखाद्या कोशात हीच माहिती ‘२३२० से.’ अशी दिसली, तर वाचणाऱ्याने काय समजायचे? मराठी मजकुरात असे अनेकदा घडते आणि त्याचे कारण साधे आहे. अंशाचे चिन्ह म्हणून आपल्याकडे पुष्कळदा देवनागरी शून्यच बारीक करून वर चढवले गेले. कागदावर ते छान दिसे. पण डीटीपीच्या जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना शून्याचे बारीकपण गेले, चढही गेला. शून्य तेवढे राहिले आणि शेजारच्या आकड्याला चिकटले. २३२० निदान खटकते तरी. ‘६६० से.’ दिसले तर? ॲल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळते, तेव्हा हा आकडा खरा असू शकतो आणि ६६ अंशांचा बिघडलेला अवतारही असू शकतो. मजकूर पाहून ते सांगता येत नाही.

घातांकांची गत याहून वाईट. ॲव्होगाड्रो स्थिरांक म्हणजे ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात. त्यातले २३ खाली उतरले की उरते ‘६.०२२१४०७६ × १०२३’, म्हणजे सहा हजार एकशे साठच्या आसपास. अठरा ग्रॅम पाण्यात सहा हजार रेणू! घात ऋण असेल तर घोटाळा आणखी वाढतो. शुद्ध पाण्यात २५ अंशांना हायड्रोजन आयनांचे प्रमाण लिटरमागे १० चा उणे ७ वा घात इतके मोल असते. सपाट झाल्यावर ते ‘१०-७’ होते. कोणी ‘दहा ते सात’ वाचेल, कोणी ‘दहा वजा सात’. रसायनाच्या साध्या सूत्रांत खालचा अंक ओळीत आला तर जाणकाराचे फारसे अडत नाही. पण सल्फेट आयन घ्या. त्यात ऑक्सिजनचा ४ खाली आणि विद्युतभाराचा २ ऋणचिन्हासह वर असतो. दोघे एका ओळीत आले की ऑक्सिजनचे ४२ अणू दिसू लागतात.

तेव्हा वरचा-खालचा अंक ही सजावट नव्हे, तो किमतीचाच भाग आहे. मुद्रितशोधक वेलांटी-उकाराला जेवढा जपतो तेवढेच त्याला जपले पाहिजे. अक्षराच्या डोक्यावरच्या अंकाची किंमत आपल्या परंपरेला नवी नाही. सामवेदाच्या पोथ्यांत अक्षरांवर १, २, ३ हे अंक असतात, ते स्वर दाखवतात. ते गाळून साम गाता येत नाही. त्या अंकांसाठी युनिकोडने २००९ साली देवनागरीत स्वतंत्र जागाही दिली. घातांकासाठी मात्र देवनागरीत तयार चढवलेले अंक नाहीत. इंग्रजी अंकांचे आहेत. म्हणून पुष्कळ जण १० देवनागरीत लिहितात आणि त्यावर इंग्रजी २ चिकटवतात. एकाच संख्येत दोन लिप्या येतात. त्या तयार इंग्रजी अंकांतही एकसारखेपणा नाही: १, २, ३ जुन्या संकेतसंचातून आलेले, ० आणि ४ ते ९ नंतरचे. अनेक फाँटांत त्यामुळे वर्गाचा २ एका उंचीवर बसतो, चौथ्या घाताचा ४ दुसऱ्या.

मराठीपुढचा योग्य मार्ग एकच आहे. अंक त्याच लिपीतला ठेवावा आणि तो चढवण्या-उतरवण्याचे काम टॅगने, म्हणजे मजकुरात घातलेल्या मांडणीच्या सूचनेने, करावे. इंग्रजी विकिपीडियाचा लेखनसंकेतही तयार अक्षरांपेक्षा टॅगलाच पसंती देतो, तेही चढवलेले इंग्रजी अंक हाताशी असताना. आपल्याला तर दुसरी सोयच नाही. अंशासाठी अंशाचेच चिन्ह वापरावे, शून्य कधीही नाही. उणे म्हणून संयोगचिन्ह चालवू नये. तळटीपेचा आकडा चौकटी कंसातच हवा. नाहीतर १९७६ या सालाला तिसऱ्या टिपेचा ३ लागून ‘१९७६३’ होते. क्षेत्रफळाला आणि घनफळाला मात्र अंक चढवायची गरजच नाही. चौ. मी., घ. सेंमी. ही रूढ लेखनपद्धती स्वच्छ आहे आणि कुठेही चिकटवली तरी टिकते.

टॅगनेही सगळे साधत नाही, हे मान्य करायला हवे. मजकूर उचलून निरोपात चिकटवला की टॅग गळतो. अंध वाचकांना मजकूर वाचून दाखवणारी साधनेही अनेकदा अंक चढलेला आहे हे सांगत नाहीत. म्हणून कोशातल्या नोंदीत महत्त्वाची किंमत पहिल्यांदा येते तिथे ती शब्दांतही द्यावी: ‘दहाचा तेविसावा घात’. चार शब्द वाढतील, वाढू द्यावेत.

मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. ज्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला तो मराठी विश्वकोशही आता जालावर वाचता येतो. गावातल्या ज्या विद्यार्थ्याच्या शाळेत कोशाचे खंड कधी पोहोचले नाहीत, त्याच्यासाठी मोबाइलवरचा कोश हाच एकमेव कोश आहे. चुकीचा आकडा पडताळून पाहायला त्याच्याजवळ दुसरे पुस्तक नाही.

जालावर संदर्भलेखन करणाऱ्या प्रत्येक संपादकाला म्हणूनच विनंती आहे. भौतिकी आणि रसायनाच्या नोंदी आधी उघडा. त्यांत ‘से.’ आणि ‘× १०’ शोधा, आणि प्रत्येक आकडा छापील प्रतीशी ताडून दुरुस्त करा. वाचकांनीही संशयास्पद आकडा दिसला की पुढे जाऊ नये. नोंदीचे नाव आणि, माहीत असल्यास, बरोबर किंमत संपादकांना कळवावी.