पुरावा आहे, फक्त नाव वेगळं आहे

भावांनो, मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. इथे दुबईत 15 जून ते 15 सप्टेंबर साडेबारा ते तीन उन्हातलं काम कायद्याने बंद असतं. पण आमच्या साइटवर पोरं अकरालाच चक्कर येऊन बसायची. सेफ्टी मीटिंगमध्ये मी म्हणालो, सकाळीही दर तासाला सावलीत बसवा. साहेब म्हणाले, "उन्हाने हार्ट जातं, याला पुरावा काय?" मी गप्प. डिप्लोमा असून गप्प!

पुरावा होता. मी तो चुकीच्या नावाने शोधत होतो. गुगलवर "गल्फ लेबर हीट डेथ" टाकलं की बातम्या आणि व्हिडिओ येतात, ते साहेब हसण्यावारी नेतात.

डॉक्टरी संशोधन पबमेडवर सापडतं. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची ही सेवा 1997 पासून सगळ्यांना फुकट आहे. तिथे स्टोअरसारखा हिशेब असतो. कोणी सळई म्हणो, सरिया म्हणो की रीबार, स्टोअरकीपरचा कोड एकच. पबमेडमध्ये या कोडला 'मेश' म्हणतात.

असं करा. मेश डेटाबेस उघडा, इंग्रजीत 'हीट स्ट्रेस डिसऑर्डर्स' टाका. त्याच्या पोटातले हीट स्ट्रोक, हीट एक्झॉशन आपोआप येतात. दुसरं नाव घ्या 'ट्रान्झिएंट्स अँड मायग्रंट्स', म्हणजे आपण. दोन्ही 'अँड'ने जोडा. फार कमी आलं तर दुसऱ्या नावाला 'ऑक्युपेशनल एक्स्पोजर' हे 'ऑर'ने जोडा आणि 'ऑर'ची जोडी कंसात ठेवा. काही पेपरना कोड लागलेला नसतो, म्हणून साध्या शब्दांनीही एकदा शोधा. कोडनेच शोधलं तर तेवढे निसटतात.

2019 मध्ये 'कार्डिओलॉजी' मासिकात आलेला एक अभ्यास वाचा. 2009 ते 2017 मध्ये कतारमध्ये गेलेल्या 1,300 हून जास्त नेपाळी कामगारांच्या मृत्यूंचा तो अभ्यास आहे. दुपारची उष्णता आणि हृदयविकाराने झालेले मृत्यू यांचा घट्ट संबंध त्यात दिसला. एका पेपरने सगळं सिद्ध होत नाही, मान्य. पण "पुरावाच नाही" हे तर साफ खोटं ठरतं.

काही जण म्हणतील, हे डॉक्टरांचं काम, आपण फावडं धरणारी माणसं. बरोबर आहे, हे काम कंपनीचंच. तिच्याकडे सेफ्टी ऑफिसर आहे, डॉक्टर आहे, एसी ऑफिस आहे. पुरावा शोधायची पाळी उन्हातल्या माणसावर यावी, हाच मोठा अन्याय. पण ते शोधणार नाहीत, कारण सापडलं तर सावली द्यावी लागेल. आणि कागदावर 'नॅचरल कॉज' लिहिलं की पेटी गावाला जाते, विषय संपतो.

म्हणून पुढच्या मीटिंगला हात हलवत जाऊ नका. शुक्रवारी रूमवर एक मोबाइल, चार डोकी, इंग्रजी जमणारा एक पोरगा. सारांश वाचा, प्रिंट काढा, टेबलावर ठेवा. मग गप्प बसायची पाळी साहेबांची.