सेवा अत्यावश्यक, कामगार मात्र ठेकेदाराचे!

२०२३ च्या नोव्हेंबरात, दिवाळी आठवड्यावर आली असताना, लखनौमध्ये ‘११२’ या पोलीस मदत सेवेच्या शेकडो तरुण महिला कामगार रस्त्यावर येऊन बसल्या. उत्तर प्रदेशाच्या कोणत्याही कोपऱ्यातून संकटात सापडलेल्या माणसाने ११२ फिरवला की पहिला आवाज ऐकू येतो तो यांचा. सरकारदरबारी त्यांना ‘संवाद अधिकारी’ असे भारदस्त नाव आहे. या ‘अधिकाऱ्यां’चे म्हणणे असे होते की, २०१६ साली सेवा सुरू झाल्यापासून त्यांचा पगार महिना १२ हजार रुपयांच्या आसपास अडकून पडला आहे, तो १८ हजार करावा, आणि कंत्राट एका कंपनीकडून दुसरीकडे जात असताना आपल्या हाती नेमणुकीचे पत्र द्यावे. मागण्या एवढ्याच. उत्तर काय मिळाले? उघड्यावर काढलेली रात्र, मुख्यमंत्र्यांच्या निवासस्थानाकडे निघताच पोलिसांची अडवणूक, आणि गुन्हे! दुसऱ्यांच्या मदतीला पोलीस पाठविण्याचे काम ज्यांनी सात वर्षे केले, त्यांच्याच अंगावर पोलीस घालण्यात आले. सेवेच्या प्रमुखपदी असलेला वरिष्ठ अधिकारी हलविण्यात आला. बदलली नाही ती कंत्राटाची पद्धत.

‘फोन उचलणाऱ्या मुली’ म्हणून ज्यांची बोळवण केली जाते, त्यांचे काम नेमके काय असते? पलीकडचा माणूस घाबरलेला असतो, रडत असतो, कधी कुणाच्या नकळत कुजबुजत असतो. आपण नेमके कोठे आहोत हे त्याला सांगता येत नाही. बोली कधी अवधी, कधी भोजपुरी, कधी बुंदेली. त्याला धीर देत, गाव, रस्ता, ओळखीची खूण काढून घेत, त्याच वेळी सारे संगणकावर टिपायचे असते. भांडण मिटण्यासारखे आहे की खुनापर्यंत जाणार आहे, याचा अंदाज काही क्षणांत बांधायचा असतो. मधूनच फोन तुटतो, तो पुन्हा लावायचा. बाईचा आवाज ऐकून अश्लील बोलणारे निराळेच. त्यांचेही ऐकून घेऊन पुढचा फोन त्याच शांतपणे घ्यायचा. एका अक्षराची चूक झाली तर गाडी भलत्याच गावी जाते. याला अकुशल काम म्हणणाऱ्या नोकरशहाने एक रात्र तो हेडफोन कानाला लावून पाहावा.

याच व्यवस्थेत फोन घेणारी ठेकेदाराची असते आणि तिने टिपलेली माहिती पाहून गाडी रवाना करणारा पोलीस दलाचा असतो. संकट एक, नोंद एक. पण एकाला वेतनश्रेणी, महागाई भत्ता, बढती आणि दुसरीला ठेकेदाराची मर्जी. ही तक्रार पोलीस शिपायाविरुद्ध नाही, त्यालाही राबवूनच घेतले जाते. प्रश्न असा की साखळीची पहिली कडी सरकारची का नाही?

याचे उत्तर निविदेत आहे. यंत्रांची किंमत ठरलेली, इमारत ठरलेली, फोन किती सेकंदांत उचलायचा तेही ठरलेले. मग सर्वांत कमी दर देऊन काम मिळविणाऱ्या कंपनीने कात्री लावायची कशाला? माणसाच्या मजुरीला. कामगार सरकारकडे गेला की सरकार म्हणते, कंपनीला विचारा. कंपनीकडे गेला की कंपनी म्हणते, सरकारने दर वाढवून दिलेला नाही. आणि नवा ठेकेदार आला की जुनी सात वर्षे पुसली जातात, अनुभवी कामगार पुन्हा उमेदवार ठरतो.

रुग्णवाहिकांच्या १०८ सेवेचा इतिहास याहून बोलका आहे. २००५ च्या १५ ऑगस्टला ती हैदराबादेत सुरू झाली, ‘सत्यम’ कंपनीच्या रामलिंग राजूंनी उभ्या केलेल्या संस्थेमार्फत. पुढे पैसा सरकारचा आणि व्यवस्थापन खासगी, हे सूत्र राज्याराज्यांत पसरले. महाराष्ट्रातही २०१४ पासून ही सेवा कंत्राटावरच चालत आली. ७ जानेवारी २००९ रोजी राजूंनी हिशेबातील प्रचंड अफरातफरीची कबुली दिली. मालकाची अब्रू गेली, सूत्रे दुसऱ्या उद्योगसमूहाकडे गेली. पण फोन उचलले जात राहिले आणि गाड्या धावत राहिल्या. मग सेवा चालविते कोण, मालक की कामगार?

संपाची वेळ आली की मात्र सरकारला याच कामगारांचे महत्त्व एकदम पटते. २०२१ च्या जुलैत उत्तर प्रदेशात १०२ आणि १०८ च्या कंत्राटी कामगारांनी संप केला, तेव्हा एस्मा पुढे आला आणि कित्येकांना कामावरून काढण्यात आले. वर्षभरापूर्वी, २२ मार्च २०२० रोजी, अशाच सेवकांच्या नावाने देशभर थाळ्या वाजविल्या होत्या! पगाराच्या दिवशी परका आणि संपाच्या दिवशी अत्यावश्यक, हा कोणता न्याय? देशव्यापी ११२ योजनेसाठी केंद्राने निर्भया निधीतून ३२१.६९ कोटी रुपये मंजूर केले. स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठी यंत्रांना पैसा आहे. त्या यंत्रांपुढे रात्रपाळी करणाऱ्या स्त्रीच्या पगाराचा प्रश्न निघाला की तिजोरी आटते.

कामाला कमी लेखण्याची ही रीत केवळ इथलीच नव्हे. ज्या अमेरिकेत ९११ ची सेवा १९६८ पासून आहे, तेथील केंद्र सरकारच्या २०१८ च्या व्यवसाय-वर्गीकरणातही हे कामगार कार्यालयीन व प्रशासकीय साहाय्यकांच्या गटात बसविलेले आहेत. अग्निशामक व पोलीस मात्र संरक्षक सेवांच्या गटात. आवाजाने जीव वाचविणारा तेवढा कारकून!

कायद्याचा आधार घ्यावा तर तोही पोखरला जात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये जगजीत सिंग खटल्यात सरकारच्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही समान कामासाठी समान वेतनाचा हक्क मान्य केला. मध्ये ठेकेदार उभा करणे ही त्यातून निसटण्याची वाट आहे. बारमाही कामात कंत्राटी पद्धत बंद करण्याची तरतूद १९७० च्या कायद्यात होती; २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या संहितेने त्या कायद्याची जागा घेतली. नवी संहिता ‘मुख्य कामात’ कंत्राटी कामगार नकोत असे म्हणते खरी; पण जे काम एरवीही ठेकेदारामार्फतच होत आले आहे, त्याला लगेच सूट देते. म्हणजे आधी सेवा ठेकेदाराला द्यायची, मग ती ठेकेदाराचीच आहे असे म्हणायचे. आणि २० ऐवजी आता ५० कंत्राटी कामगार असतील तरच या तरतुदी लागू!

कामगार चळवळीनेही या नियंत्रण कक्षांकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. वातानुकूलित दालन आणि कानावर हेडफोन पाहून हा कामगार नव्हे असे समजणाऱ्या कार्यकर्त्यांनी त्याची पगाराची चिठ्ठी मागून पाहावी. रुग्णवाहिकांच्या चालकांच्या संघटना अनेक राज्यांत आहेत. त्या चालकाला रस्ता दाखविणारा आवाज त्याच संघटनेत आला पाहिजे. राज्य सरकारची थेट नेमणूक व वेतनश्रेणी ही मागणी आहेच. ती मिळेपर्यंत प्रत्येक नव्या निविदेत जुन्या कामगारांची सेवा अखंड धरण्याची आणि वेतनाचा वेगळा, कात्री न लागणारा आकडा ठेवण्याची अट घातली गेली पाहिजे. लखनौच्या महिलांवरील गुन्ह्यांचा प्रश्न विधानसभेत आणि संसदेत लावून धरला पाहिजे. नव्या कंत्राटाची बोली निघण्याच्या आधीच या कामगारांच्या सभा व्हाव्यात. ठेकेदार बदलल्यावर उशीर झालेला असतो.