दगडात कोरलेला मूल्यशिक्षणाचा तास



मूल्यशिक्षणाचा तास आपण कसा घेतो? फळ्यावर सुविचार लिहितो, 'आईवडिलांचा आदर करावा' असं मुलांकडून म्हणवून घेतो. मुलंही माना डोलावतात. घंटा झाली की विषय संपला! मीसुद्धा कित्येक वर्षं असंच शिकवत आलो. पण सुट्टीत चीनमधल्या दाझू इथली दगडी शिल्पं पाहण्याचा योग आला आणि माझ्या शिकवण्यात काय चुकतंय ते लक्षात आलं. तेच आज तुमच्यासमोर मांडतो.

दाझू हे चोंगचिंग महानगराच्या हद्दीत येतं. तिथल्या डोंगरांत मुख्यतः ९व्या ते १३व्या शतकांत कोरलेल्या ५०,०००हून अधिक मूर्ती आहेत. १९९९ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. बौद्ध, ताओ आणि कन्फ्यूशियस या तिन्ही परंपरांची शिल्पं इथे आहेत. सर्वांत प्रसिद्ध जागा म्हणजे बाओदिंगशान. झाओ झिफेंग नावाच्या बौद्ध साधकाच्या देखरेखीखाली १२व्या शतकाच्या उत्तरार्धात इथलं काम सुरू झालं आणि १३व्या शतकाच्या मध्यापर्यंत चाललं. घोड्याच्या नालासारखी वळलेली दरी आहे. आपण वाटेने चालत राहायचं आणि कड्यावरची शिल्पं एकामागून एक बघायची. जणू पुस्तकाची पानंच उलटतोय!

या पुस्तकातलं एक पान मला घरी आल्यावरही विसरता आलं नाही. आईवडिलांचे उपकार सांगणारी दृश्यं तिथे ओळीने कोरली आहेत. गरोदरपण, बाळंतपण, बाळाला पाजणं, त्याचे कपडे धुणं, दूर निघालेल्या मुलाची काळजी. त्यातल्या एका दृश्यात रात्रीची वेळ आहे. आई झोपेने पेंगुळली आहे, आणि तशाच अर्धवट झोपेत बाळाला धरून शू करवते आहे. स्वतः ओल्यात झोपून लेकराला कोरड्यात निजवणारी आई आपल्याकडेही घरोघरी आहेच की! शिल्पकाराने तिला देवी केलेलं नाही. थकलेली बाई म्हणूनच कोरलं आहे. शेजारी मजकूरही कोरलेला आहे. पण ज्याला वाचता येत नव्हतं, त्याला ते चित्रच पुरेसं होतं.

आता सांगा, 'आई थोर असते' हे वाक्य मुलाला जास्त भिडेल, की ही पेंगुळलेली आई?

थोडं पुढे नरकाची दृश्यं आहेत. तिथे एक बाई कोंबड्यांचं खुराडं उघडते आहे. कोंबड्या पाळणं म्हणजे पुढे जीव मारणं, म्हणून ते पाप, असा तिथला उपदेश. पण त्या बाईचा चेहरा पाहा! शांत, हसरा, आपल्या कामात रमलेला. उपदेश एक सांगतो आणि चेहरा दुसरंच. 'ही बाई वाईट आहे का?' एवढंच वर्गात विचारा आणि गप्प बसा. शेतकऱ्याच्या, कुक्कुटपालन करणाऱ्याच्या घरची मुलं काय बोलतील ते ऐकण्यासारखं असेल.

तिथेच सहस्रहस्त ग्वानयिनची सोन्याचा मुलामा दिलेली भव्य मूर्ती आहे. ग्वानयिन म्हणजे मूळचा आपला अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी तो हाच. चीनमध्ये तो हळूहळू स्त्रीरूपात पुजला जाऊ लागला. या मूर्तीला १,००७ हात आहेत, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जायचं. २००८ ते २०१५ या काळात मूर्तीची दुरुस्ती झाली. तेव्हा नीट मोजदाद केली, तर हात भरले ८३०! ऐकीव माहिती आणि स्वतः केलेली मोजणी यांतला फरक शिकवायला याहून चांगलं उदाहरण कुठे मिळणार?

काही जण म्हणतील, सर, हे सगळं ठीक आहे, पण पोर्शन कधी संपवायचा? अडचण खरी आहे. पण आपल्या सहली आठवून पाहा. चला चला, रांग करा, हात लावू नका, फोटो काढा, गाडीत बसा! दुसऱ्या दिवशी 'माझी सहल' निबंधात गाडी असते, डबा असतो, भेळ असते. लेणं मात्र दोन ओळींत आटोपतं. दोष मुलांचा नाही. आपणच त्यांना बघू दिलं नाही.

माझं मत स्पष्ट आहे. दहा लेणी धावत दाखवण्यापेक्षा एकाच शिल्पासमोर मुलांना पंधरा मिनिटं बसवा. तीनच प्रश्न विचारा. काय दिसतंय? कशावरून म्हणतोस? याच्या आधी काय घडलं असेल? उत्तर सांगण्याची घाई करू नका. दाझूला जायचीही गरज नाही, गावातल्या जुन्या देवळाचा खांबसुद्धा चालेल.

पालकहो, तुम्हीही एक करा. 'आम्ही तुझ्यासाठी किती केलं' हे मुलाला ऐकवू नका. तो लहान असताना रात्री कोण जागायचं, तेवढी एक आठवण त्याला सांगा आणि तिथेच थांबा. पुढचं त्याचं तो समजेल.