गृहपाठ कोणाचा?

अंतर्गत मूल्यमापनाच्या वह्या जमा करण्याची तारीख जवळ आली की आपल्या महाविद्यालयांत एकाच वहीच्या अनेक आवृत्त्या निघतात. अलीकडे तर वहीचीही गरज उरलेली नाही. प्रश्नाचे छायाचित्र काढले की फोनवर उत्तर हजर होते. ‘मुले बिघडली’ असा शेरा मारून मोकळे होणे सोपे आहे. पण त्याने प्रश्न सुटत नाही.

तर्कशास्त्राच्या वर्गाचेच उदाहरण घ्या. एखाद्या युक्तिवादात तीन घटकविधाने असली की सत्यता कोष्टकात आठ ओळी येतात, चार असली की सोळा. दोन प्रामाणिक विद्यार्थ्यांची कोष्टके तंतोतंत जुळणारच. निबंधात जे साम्य उचलेगिरीचा पुरावा ठरते, ते येथे बरोबर उत्तराचे लक्षण होय. ‘उतरवले तर उत्तरे सारखी येतात; उत्तरे सारखी आली आहेत; म्हणून उतरवले आहे’ हे अनुमान अयुक्त आहे, हे या विषयाच्या पहिल्याच धड्यांत शिकवले जाते. त्याच विषयाच्या शिक्षकाने ते विद्यार्थ्यावर लादावे काय?

कायद्याचा आधारही येथे तोकडा पडतो. परीक्षांतील गैरप्रकारांना आळा घालणारा राज्याचा कायदा १९८२ सालचा. त्याचा रोख परीक्षेवर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य मानले आणि साठ टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणी रद्द करण्याची तरतूद केली. गृहपाठ आणि उत्तरपत्रिका मात्र या विनियमांतून स्पष्टपणे वगळल्या आहेत. तेव्हा गृहपाठाची राखण वर्गालाच करावी लागेल.

ती का करावी? सातारा जिल्ह्यातील काले येथे १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्याच वर्षी सांगलीला विलिंग्डन महाविद्यालय सुरू झाले. ‘कमवा आणि शिका’ ही भाऊरावांची शिकवण श्रमाला विद्येइतकीच प्रतिष्ठा देणारी होती. शेतात राबून रात्री कोष्टक मांडणारी मुलगी आणि ते सकाळी उतरवून घेणारा मुलगा यांना सारखेच गुण मिळू लागले, तर त्या शिकवणीचे काय उरले? खोटे नाणे खऱ्याला चलनातून हाकलते, हा अर्थशास्त्रातील जुना नियम आहे. फुकटचे गुण वाटले गेले की कष्टाचे गुण मिळवण्याची उमेदच नाहीशी होते. पदवीची किंमत घसरली तर श्रीमंताच्या मुलाला दुसऱ्या वाटा असतात. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याजवळ पदवीखेरीज काहीच नसते.

मुलांनी एकत्र बसून अभ्यास करू नये, असे आम्हांस म्हणावयाचे नाही. उलट, सहकार हा आपल्या भागाचा प्राण आहे. मात्र सहकारी साखर कारखान्यातही प्रत्येक सभासद स्वतःचा ऊस घेऊन येतो. शेजाऱ्याच्या उसावर आपली पावती कोणी फाडत नाही. चर्चा सर्वांनी मिळून करावी, सिद्धता ज्याने त्याने मांडावी.

यावर उपाय साधा आहे. गृहपाठाच्या वहीला गुण देऊ नयेत. विद्यार्थ्याला फळ्याशी बोलवावे, एक पायरी दाखवून ‘ही कोणत्या नियमाने आली?’ असे विचारावे आणि त्या उत्तराला गुण द्यावेत. ज्याने समजून घेतले तो सांगेल, मग प्रथम कोणाकडूनही शिकलेला असो. परंतु अशा तपासणीला वेळ लागतो, आणि तासिका तत्त्वावर राबणाऱ्या, तासापुरतेच मानधन घेणाऱ्या प्राध्यापकाकडे तो मागण्याचा अधिकार शासनाला नाही. म्हणून प्राध्यापकांची रिक्त पदे कायमस्वरूपी भरण्याची मागणी ही केवळ नोकरीची मागणी नव्हे. विद्येच्या प्रामाणिकपणाचीही ती मागणी आहे. शिक्षक चळवळीतील आणि विद्यार्थी चळवळीतील कार्यकर्त्यांनी ती एकत्रितपणे लावून धरली पाहिजे.