वाफेचं इंजिन किती पळतं?

जतन केलेली वाफेची इंजिनं किती पळतात, हा विषय निघाला की गाडी थेट इंग्लंडला जाते. 'मॅलार्ड'ने 1938 मध्ये ताशी 203 किमी गाठले, मान्य! पण आज ते यॉर्कच्या संग्रहालयात उभं आहे. जुन्या आराखड्यावर 2008 मध्ये बांधलेल्या 'टॉर्नेडो'ने 2017 च्या चाचणीत 160 ओलांडले. पुढच्याच वर्षी ताशी 90 मैलांच्या पहिल्या प्रवासी फेरीत ते वाटेतच बिघडलं. पिस्टन आणि दांडे मागेपुढे हिसके देतात. वेग दुप्पट की ताण चौपट. आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंगमधला पीक लोड रोज प्रॉडक्शनवर टाकू नये :)

आपली 1855 ची 'फेअरी क्वीन' ताशी 40 च्या आतच पर्यटकांना फिरवायची. कुणाची तक्रार होती?

खरा प्रश्न रुळांचा आहे. आमच्या संभाजीनगरला निजामाच्या काळात, 1900 मध्ये मीटरगेज आली. 1990 च्या दशकात ब्रॉडगेज झाली, ते चांगलंच झालं. पण आता मीटरगेजचं इंजिन कितीही दुरुस्त करा, इथे त्याचा वेग शून्यच. रूळच नाहीत ना राव! म्हणून म्हणतो, इंजिनासोबत चार-पाच किलोमीटर रूळही जपायला हवेत. 20 च्या वेगाने का होईना, ते चालू दे. चौथऱ्यावरच्या रंगवलेल्या इंजिनाकडून पोरं काय शिकणार?